मधली खोली

वाक्य आधी बोटांनी टाइप केलं, मग तिच्या कानांना ते ऐकू आलं. बाबा रोजच्यासारखे खिडकीजवळच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते. मांडीवर बशी, बशीत चहात विरघळलेल्या बिस्किटांचा लगदा. तो चमच्याने तोंडात ढकलता ढकलता ते सांगत होते आणि ती जेवणाच्या टेबलाशी बसून टाइप करत होती. आईच्या आजारपणाचं प्रकरण चाललं होतं. ते फार दिवस रखडलं होतं, कारण ठरल्याप्रमाणे ते तिने लिहायचं होतं आणि तिच्याने ते लिहून होत नव्हतं. शेवटी आठ दिवसांपूर्वी बाबा म्हणाले, तुला जमत नसेल तर मी सांगतो, तू नुसतं उतरवून घे. तर ती उतरवून घेत होती. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचं बोलणं, वाचा गेल्यावर आईच्या डाव्या हातात तेवढा राहिलेला जोर. आणि मग मध्येच, आवाज न बदलता, ओठाच्या कोपऱ्यातला लगदा जिभेने आत ओढून घेत ते म्हणाले, "एका दुपारी तिने अंथरूण खराब केलं आणि मी उठलो नाही. दोन वाजल्यापासून साडेपाचपर्यंत ती तशीच पडून होती. कॉटच्या दांड्यावर चमचा वाजवत होती. मी पलीकडच्या खोलीत बसून ते ऐकत होतो. पूर्णविराम." तिने पूर्णविरामसुद्धा दिला. मग पडद्याकडे पाहिलं. बाबांना दिसावं म्हणून अक्षरं भली मोठी ठेवलेली होती, त्यामुळे एवढंसं ते सगळं अर्ध्या पडद्यावर ऐसपैस पसरलं होतं, आणि त्यातलं एक अक्षरही बाबांचं नव्हतं.

ती दुपार तिची होती. बाबा त्या दुपारी घरात नव्हते. ते रोज दोनला वाचनालयात जात आणि साडेपाचला परत येत, त्यांच्यावर घड्याळ लावून घ्यावं. पलीकडच्या खोलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, दार लोटून बसली होती ती स्वतः. नऊ वर्षं झाली त्याला. या नऊ वर्षांत तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. दादाला नाही, मावशीला नाही, झोपेत बडबडायची सवय तर तिला कधीच नव्हती. मग यांना कळलं कुठून? आणि कळलं ते कळलं, पण ते उचलून स्वतःच्या नावावर लावावं हे यांना सुचलं कसं? बाबा म्हणाले, "पुढे." पुढे त्यांनी आईच्या मशीनवरच्या शिवणकामाचं काहीतरी सांगितलं. तेही तिने टाइप केलं, साडेनऊला पान छापून त्यांच्या हातात दिलं आणि चपला घालून लॅबला निघाली.

हे सगळं पिल्लू सोडलेलं दादाने. दादा, तिचा मोठा भाऊ, दूरच्या शहरात राहतो आणि दर रविवारी फोन करतो. मागच्या वर्षी बाबांना ऐंशी पूर्ण झाली तेव्हा म्हणाला, बाबा, तुम्ही घराण्याचं सगळं लिहून ठेवा हो, आणि खारू आहेच मदतीला. खारू म्हणजे ती. लहानपणी खारीसारखी तुरुतुरु पळायची म्हणून पडलेलं नाव अठ्ठेचाळिसाव्या वर्षीही अंगाला चिकटून होतं. खारू आहेच. आई पडली तेव्हाही दादाने हेच म्हटलं होतं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचं काय जातं? पण खरं सांगायचं तर सुरुवातीला तिला बरं वाटलं होतं. आई गेल्यावर ती आणि बाबा एकाच घरात दोन भाडेकरूंसारखे राहत होते. रोज सकाळी दोन तास समोरासमोर बसायला काहीतरी निमित्त झालं. नियम ठरले. जो सांगेल त्याचं सांगणं त्याचं. दुसऱ्याने विचारायचं, पण खोडायचं नाही. पान मोठ्याने वाचायचं आणि दोघांनी हो म्हटल्यावरच फाइलला लावायचं. मुखपृष्ठावर दोघांची नावं, आधी बाबांचं मग तिचं. बाबांनी नोकरीभर दुकानदारांची वजनंमापं तपासली होती, त्यामुळे पहिली पाच प्रकरणं नुसती वजनांनीच भरली. कोणी वजनाच्या बुडातलं शिसं कोरून काढलेलं, कोणी तराजूच्या पारड्याखाली मेण चिकटवलेलं, आणि प्रत्येक ठिकाणी बाबा असे सहज आत जाणार, बोटाच्या टोकाने पारडं उचलणार आणि चोर पकडणार. घराण्याचं म्हणाल तर मेल्या म्हशीला मणभर दूध. पडद्यावर सगळे आजोबा दिलदार आणि सगळ्या काकवा सोशिक. तिने मनातल्या मनात हसून ते सोडून दिलं होतं. म्हाताऱ्या माणसाशी कशाला हुज्जत घालायची?

पण आईचं प्रकरण सुरू झालं आणि हसू गेलं. "आम्ही तिला एक दिवस परक्या हातात दिलं नाही," बाबांनी सांगितलं. आम्ही? अडीच वर्षं आईचं अंग कोणी पुसलं, नखं कोणी कापली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर कोणी वळवलं? बाबा सकाळी आईजवळ बसत, हे कबूल. बसत, म्हणजे शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत आणि काही झालं की शेजारणीला हाक मारत. त्यांच्याने ते व्हायचं नाही. एकदा बेडपॅन उचलायला गेले आणि मोरीत जाऊन ओकले, तेव्हापासून त्यांना कोणी सांगितलंही नाही. ते ‘आम्ही’सुद्धा तिने टाइप केलं होतं. सेवा घेतली नावावर, घेऊ दे. पण सेवा पुरली नाही म्हणून आता तिचं पापही घेतलं? चालता चालता तिला जाणवलं की आपण दात आवळून धरलेत, आणि सिग्नलला शेजारी उभी असलेली बाई आपल्याकडे पाहतेय. तिने तोंड सैल केलं.

लॅबमध्ये तिचं टेबल मागच्या बाजूला, खिडकीखाली. तिथे सकाळभर जमा झालेल्या डब्या रांगेत लावलेल्या असतात. लोक त्या वर्तमानपत्रात गुंडाळून, वर दोन पिशव्या घालून आणतात आणि काउंटरवर ठेवताना दुसरीकडे बघतात, जणू ती डबी त्यांची नाहीच. तिला त्याची गंमत वाटायची. पंचवीस वर्षं ती हेच करत होती. झाकण उघडायचं, काडीच्या टोकावर तीळभर घ्यायचं, काचेवर थेंबात कालवायचं, वर पातळ काच ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. जंत, त्यांची अंडी, रक्त, न पचलेलं अन्न. माणूस बाहेरून कितीही इस्त्रीचा असो, आतून सगळे असेच. दुपारी हात धुऊन ती तिथेच शेजारच्या खोलीत डबा खायची आणि नवीन आलेली माणसं तिच्याकडे तोंडाला रुमाल लावून बघायची. किळस हा लाड आहे, असं ती म्हणायची, ज्याला परवडतो त्याने करावा. आणि आज तीच बाई काडी हातात धरून बसली होती आणि तिला काही सुचत नव्हतं. समोरच्या डबीची नाही, त्या मोठ्या अक्षरांची शिसारी आली होती. लगदा गिळता गिळता सांगितलेलं ते वाक्य. ज्या तोंडाने बिस्किट, त्याच तोंडाने ते. असं आलं आणि गेलं, जसं काही तराजूखालच्या मेणाचाच आणखी एक किस्सा.

एक वाजता मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, सत्तरीची, फोनवरही डोळ्याला पदर लावणारी. बाबांनी पानाचा फोटो काढून तिला आणि दादाला पाठवला होता. अजून वाचन झालेलं नाही, कोणी हो म्हटलेलं नाही, आणि हे पाठवून मोकळे. मावशी रडत होती. एवढ्या वर्षांत तुझ्या बाबांबद्दल माझं मन साफ नव्हतं गं, म्हणाली, वाटायचं हा माणूस कोरडा आहे. पण आज वाचलं आणि ढसाढसा रडले. कोण पुरुष असं कबूल करतो सांग. इतकं खरं बोलायला छाती लागते. ताईला वर कळलं असेल, तिने माफ केलं असेल. मग नाक ओढून म्हणाली, आणि तू टाइप केलंस ना ते? तुझं काय झालं असेल लेकी. खारूने हूं म्हटलं. काय झालं असेल ते ती सांगणार होती का? सांगायचं म्हटलं तर एकच वाक्य होतं, मावशी, ती मी होते, आणि ते तिच्या जिभेवर येऊन बसलंही. पण त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की आता ते बोललं तर ते दुसरं ठरेल. बाबांनी बोलून माफी मिळवून टाकलेली. तिच्या वाट्याला उष्टं. ती म्हणाली, मावशी, काम आहे गं, ठेवते.

ती दुपार तिला रोज आठवायची असं नव्हतं. आठवायची तेव्हा आधी वास यायचा नाही, पावाची चव यायची. तेव्हा तिची सकाळची पाळी असे, साडेसहा ते दोन. बाबा दोनला निघत, ती पावणेतीनला येई, मधला पाऊण तास आई एकटी. घर म्हणजे एका ओळीत तीन खोल्या, बाहेरची, मधली आणि स्वयंपाकघर. आईची कॉट मधल्या खोलीत. ती मागच्या जिन्याने यायची, म्हणजे लॅबचे कपडे मागच्या मोरीत काढता यायचे, हातपाय धुता यायचे आणि मगच आईजवळ जायचं. हा आईचाच नियम, बरी असतानाचा. आई स्वच्छतेची नुसती भोक्ती नव्हती, वेडी होती. रुमालाची घडी चुकली तर उलगडून पुन्हा घालायची. परक्याच्या घरी पाणी प्यायची ते पेला तोंडाला न लावता. त्या दिवशी लॅबमध्ये दोन माणसं आली नव्हती आणि तिने एकटीने नव्वद डब्या उघडल्या होत्या. ती जिना चढून आली, मोरीत नळ सोडून हात धुतले, आणि मधल्या खोलीचं दार उघडायला गेली तर फटीतून वास आला. तिने दार उघडलं नाही. जेवढं किलकिलं झालं होतं ते पुन्हा लोटलं, आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसली. पाच मिनिटं, असं ती स्वतःला म्हणाली. आत चमचा वाजायला लागला. आईला वाचा नव्हती म्हणून तिच्या डाव्या हाताशी एक चमचा ठेवलेला असे, काही लागलं की तो कॉटच्या लोखंडी दांड्यावर वाजवायचा. दोनदा म्हणजे पाणी, तीनदा म्हणजे ते. तीनदा वाजत होता. थांबायचा, पुन्हा तीनदा. तिला किळस आली नव्हती, हे ती देवाशपथ सांगेल. राग आला होता. नव्वद डब्यांनंतर एक्क्याण्णवावी. माझ्याच वाट्याला का, हा राग, आणि त्या रागात इतका आराम होता की उठवेना. तिने पाव काढला, त्यावर साखर घातली आणि खाल्ला. पावाचे तुकडे, वर दाणेदार साखर, दातांखाली कुरकुर, आणि मधल्या भिंतीपलीकडे तीन, तीन, तीन. खूप गोड लागला. त्या घरात इतकं गोड तिने कधी काही खाल्लं नसेल. चार वाजता चमचा थांबला. तरी ती बसून राहिली. साडेपाचला पुढचं दार उघडून धाडकन बंद झालं, बाबा आले, आणि ती चोरासारखी उठून मधल्या खोलीत पळाली. सगळं वाळलं होतं. ओल्या कापडाने भिजवून भिजवून काढावं लागलं. आई तिच्याकडे बघत नव्हती. त्यानंतर आई आठ महिने जगली, आणि त्या आठ महिन्यांत तिने तो चमचा एकदाही हातात घेतला नाही.

हे तिचं होतं. लग्न झालं नाही, घर झालं नाही, लॅबच्या बाहेर तिला कोणी ओळखत नाही, पण ही एक गोष्ट अशी होती की ती फक्त तिने केली होती आणि तिनेच नऊ वर्षं सांभाळली होती, दुखऱ्या दाताला जीभ लावत राहावं तशी. तिला माफी नको होती. माफी मिळाली तर काय उरणार? आणि हा म्हातारा बशीतला लगदा खात खात ती घेऊन गेला, मावशीचे अश्रू मिळवले, आता पुस्तकात छापून दोघांच्या नावाने वाटणार. वाचणारा म्हणेल, काय मोठ्या मनाचा माणूस. आणि खाली तिचं नाव, टाइप करणारणीचं. तिला दिवसभरात एकदा असंही वाटलं की बाबांनी हे तिच्यासाठी केलं असेल. कुठून तरी कळलं असेल, आईच्या पाठीवरची लाल चामडी बघितली असेल, हिशोब जुळवला असेल, आणि लेकीवर येऊ नये म्हणून स्वतःवर घेतलं असेल. पण हा विचार आला आणि ती आणखीच चिडली. उपकार? तेही न विचारता, सगळ्यांसमोर, तिच्याच हाताने टाइप करून घेऊन? शिवाय वेळ तरी बरोबर सांगायची. दोन वाजल्यापासून म्हणे. ती आलीच पावणेतीनला. ग्रॅमग्रॅम मोजणाऱ्या माणसाने पाऊण तासाची चूक करावी, कारण ऐकीव माल, स्वतःचा नाही. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा खुशीत होते. रविवार नसताना दादाचा फोन आला होता. दादा फोनवर रडला म्हणे. बाबांनी जेवताना हे दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगताना भाताचं शीत त्यांच्या हनुवटीवर होतं, आणि एरवी ती हात लांबवून ते काढायची. आज तिने ते तसंच राहू दिलं. शीत त्यांच्या बोलण्याबरोबर वरखाली होत होतं आणि ती बघत होती.

सकाळी ती त्यांच्याआधी टेबलाशी बसली. पान उघडलं. नियमाप्रमाणे खोडायचं नव्हतं, विचारायचं होतं. बाबा चहा घेऊन आले, खुर्चीत बसले, पाय पसरले. वाच, म्हणाले. तिने वाचलं, त्या वाक्यापर्यंत आली आणि थांबली. तिला वाटलं होतं आपला आवाज चढेल, पण तो नुसता कोरडा निघाला.

"दोन नाही, बाबा. पावणेतीन."

बाबांनी बिस्किट चहात बुडवलं. "दोनला पाच कमी," ते म्हणाले. "दोनसुद्धा मी ढोबळ सांगितलं. घड्याळ बघितलं होतं मी."

"तुम्ही घरात नव्हतात."

"होतो."

बिस्किट तुटून चहात पडलं. त्यांनी ते चमच्याने काढलं नाही. मग ते बोलत राहिले, तिच्याकडे न बघता, बशीशी बोलल्यासारखे, आणि जे सांगितलं ते इतकं साधं होतं की तिने नऊ वर्षांत एकदाही त्याचा विचार केला नव्हता. दोनला पाच कमी असताना ते बाहेरच्या खोलीत बूट घालत होते. मधल्या खोलीतून वास आला. त्यांनी डावा बूट घातला, उजवा घातला, नाड्या बांधल्या, आणि उठलेच नाहीत. बाहेर जाववेना आणि आतही जाववेना. म्हटलं, पाऊण तासात खारू येईल. पेपर समोर धरून बसले. चमचा वाजायला लागला तशी त्यांनी आईला हाक मारून सांगितलं, येतेय खारू, आलीच. पावणेतीनला मागच्या मोरीत नळ वाहिल्याचा आवाज आला. त्यांना हायसं वाटलं. आता ती जाईल. पण ती गेली नाही. नळ बंद झाला, स्वयंपाकघरात स्टूल सरकलं, पावाच्या पिशवीचा कागद वाजला, आणि मधलं दार उघडलं नाही. तेव्हा त्यांना कळलं. आणि कळल्यावरही ते बसून राहिले, कारण आता उठलं तर घरात होतो हे तिला कळलं असतं. तीन वाजले, चार वाजले. इकडे ते, तिकडे ती. साडेपाचला, रोजची यायची वेळ झाली तेव्हा, ते बूट काढून नुसत्या मोज्यांनी दाराशी गेले, दार आतूनच उघडलं आणि जोरात लावून घेतलं. म्हटलं, आता तरी उठेल.

तिने विचारलं नसतं तर बरं झालं असतं, पण तोंडातून निघून गेलं. "आईला कळलं होतं?"

"बाहेरच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं," बाबा म्हणाले. "तिला माझे बूट दिसत होते."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. म्हणजे आईला बूट दिसत होते आणि नळ ऐकू आला होता. तीनदा वाजवत होती ती कोणाला, दोघांनाही, एकदा याला, एकदा तिला, आणि चार वाजता आईला समजलं की दोघंही आहेत आणि दोघंही उठणार नाहीत. ज्या बाईने परक्या पेल्याला कधी ओठ लावला नाही ती आपल्याच घाणीत पडून या दोन दारांकडे आळीपाळीने बघत होती. खारूला वाटलं होतं ती दुपार आपली. कसली आपली? भागीदारीतली निघाली. दुःख सोडा, नीचपणासुद्धा पुरता स्वतःचा नव्हता. तिने बाबांकडे पाहिलं. त्यांच्या पातळ गळ्यातली हाडं गिळताना वर गेली आणि खाली आली. तिला त्यांची किळस आली, भडभडून आली, आणि त्याच वेळी कळलं की एवढ्या जवळून ओळखू येणारी ही किळस दुसऱ्या कोणाची येऊच शकत नाही. नाक तेच, बसायची पद्धत तीच, वाट बघत बसायची. दुसरं कोणीतरी उठेल. सबंध घराणं यावरच चाललं असेल, दिलदार आजोबा आणि सोशिक काकवा सगळे. ती सोशिक काकू कोणासाठी सोसत होती, हे कोणी लिहिलं का?

"खोडून टाक," बाबा म्हणाले. "नाहीतर राहू दे माझ्या नावावर. तुझं कशाला? तुला अजून या लोकांत राहायचंय."

तिने खोडलं, पण त्यासाठी नव्हे. कोरं पान घेतलं आणि म्हणाली, पहिल्यापासून सांगा, मी माझं घालते. मग ते दोघं लिहायला बसले, आणि वर्षभरात बसले नव्हते असे बसले. बाबा आपली बाजू सांगत, ती टाइप करी आणि खाली आपली बाजू घाली. तो नळ, ते स्टूल, ते लोटलेलं दार. बाबा मध्येच म्हणाले, पाव खाल्लास ना, तेही घाल. तिने विचारलं, आणि तुम्ही, तुम्ही पेपर नुसता धरला होता? बाबा म्हणाले, शब्दकोडं सोडवलं. पूर्ण? पूर्ण. तिने ते घातलं. तिने पावाचे चार तुकडे लिहिले होते. बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, जसं दुकानात शिरून दुकानदाराकडे बघत असतील.

"चारच?"

"सहा," ती म्हणाली, आणि सहा केले.

साडेनऊ वाजून गेले, तिला उशीर झाला, पण कोणी उठलं नाही. पान संपलं. नियमाप्रमाणे तिने ते मोठ्याने वाचलं. दोनला पाच कमीपासून दार आपटेपर्यंत, काही न गाळता. पावाचं वाक्य तिने दोनदा हलवलं होतं. आधी ते चमच्याच्या आधी होतं, मग तिने ते चमच्याच्या नंतर घेतलं, कारण तिथे ते जास्त लागत होतं. वाचताना त्या जागी ती किंचित थांबली, आपोआप थांबली, आणि थांबल्याचा परिणाम झाला हे तिला बाबांच्या चेहऱ्यावर दिसलं. शेवटचं वाक्य बुटांचं होतं. ते वाचून तिने कागद टेबलावर ठेवला. बाबांचे डोळे ओले होते. त्यांनी बशी बाजूला केली, रुमालाने तोंड पुसलं, खोकला काढून गळा साफ केला.

"छान उतरलंय," ते म्हणाले.

तिच्या घशाशी आंबट पाणी आलं. कारण ते म्हणायच्या आधी, बुटांचं वाक्य वाचून संपवताना, तिच्याही मनात हेच शब्द आले होते. बाबा तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते, नियम होता ना, दोघांनी म्हणायचं. तिने तो आंबट घोट गिळला.

"हो," ती म्हणाली, आणि पान फाइलला लावलं.